तेल प्यायलेला डेक

चहा आला की अर्धा तो स्वतः प्यायचा आणि उरलेला अर्धा बशीतून समोरच्या माणसाच्या डेकवर ओतायचा.

हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पहिल्यांदा पाहिलं ते गंगापूर धरणाच्या काठाला, मुंबईच्या एका दातांच्या डॉक्टरांच्या बंगल्यात. डॉक्टरीणबाईंनी ठेवणीतल्या कपातून चहा दिला होता, सोबत बिस्किटं. यानं बशीत चहा ओतला, दोन फुरके मारले, डेकच्या फळ्यांवर उकिडवा बसला आणि उरलेल्या चहाची धार फळीवर सोडली.

"अहो, हे काय करताय?" बाई म्हणाल्या.

"पाजून बघतो ताई. पिलं तर लाकूड जितं हाय. नाय पिलं तर समजायचं, कुणीतरी वार्निश फासून त्याचं तोंड शिवलंय."

फळी चहा प्यायली. डाग हळूहळू आत गेला आणि कडेनं सुकला. त्यानं मान हलवली, जशी वैद्य नाडी सोडल्यावर हलवतात. "पितंय. लय तहानलंय बिचारं. बिस्किटं तेवढी मी खातो."

नव्वदच्या दशकात नाशिकच्या आसपासच्या डेकांनी त्याच्या हातून जेवढा चहा प्यायला, तेवढा नाशिक रोडच्या सगळ्या हमालांनी मिळून प्यायला नसेल. ही अतिशयोक्ती वाटत असेल तर तुम्ही तो माणूस पाहिलेला नाही.

माझं रविवार कारंज्याजवळ रंगाचं दुकान. ब्रश, पॉलिशपेपर, टर्पेंटाइन आणि बेलतेल, म्हणजे लाकडाला लावायचं उकळलेलं जवसाचं तेल, हे सगळं तो माझ्याकडून न्यायचा. त्याला नाव होतं, पण ते कोणी वापरलेलं त्याला खपत नसे. "कॉन्ट्रॅक्टर म्हणा शेठ," तो म्हणायचा. आणि म्हटलं की छाती अशी फुगवायचा की शर्टाचं बटण सुटून माझ्या गल्ल्यात पडेल अशी मला धास्ती वाटायची. बाजारात मात्र त्याला 'लाकडाचा धोबी' म्हणत. त्यानं ते ऐकलं की दोन दिवस तो त्या बाजूनं सायकल नेत नसे.

डेक म्हणजे काय हे तेव्हा आपल्याकडे कोणाला नीट माहीत नव्हतं. मुंबईची माणसं धरणाकाठी बंगले बांधू लागली आणि पाण्याच्या बाजूला सागाच्या फळ्यांचं अंगण करू लागली. पहिल्या वर्षी ते अंगण सोन्यासारखं दिसायचं. दोन पावसाळे खाल्ले की राखेसारखं करडं व्हायचं, त्यावर शेवाळ धरायचं आणि पाहुणे घसरायचे. सुतार म्हणायचा, उखडून टाका. रंगारी म्हणायचा, ऑइलपेंट मारून टाका. घासून धुऊन मूळ लाकूड वर आणता येतं हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याच्या आलं, तेही उताणं पडल्यावर.

तो मूळचा फुलांच्या मळ्यातला. मखमलाबादच्या बाजूला त्यांची झेंडू-शेवंतीची वावरं. एका बंगल्याच्या वास्तुशांतीला तो फुलांची टोपली घेऊन गेला आणि शेवाळलेल्या डेकवर त्याचा पाय सटकला. तो सांगायचा त्याप्रमाणे, टोपली डोक्यावर तशीच ठेवून तो पाठीवर घसरत डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि एकही फूल सांडलं नाही. मी ऐकलं तेव्हा डेक वीस फुटांचा होता. पुढे पुढे तो वाढत गेला. शेवटी शेवटी तर तो घसरत पार धरणाच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आला होता. पण एवढं खरं की पडल्या पडल्या त्याच्या नखानं फळी खरवडली गेली आणि करड्या थराखाली पिवळाधमक साग दिसला. "कांद्यासारखं हाय शेठ," तो मला म्हणाला. "वरचं साल गेलं की आत नवंच." दुसऱ्या दिवशी तो काथ्याचा ब्रश घेऊन त्याच बंगल्यावर हजर झाला.

त्याचं काम बघण्यासारखं असे. तारेचा ब्रश तो लाकडाला लावू देत नसे. काथ्यानं, फळीच्या रेषेच्या दिशेनं, गुडघ्यावर बसून तो पुढे सरकत जायचा. तोंडानं अखंड बडबड. फळ्यांना तो नावं ठेवायचा. "ही बघा, ही आळशी. ही वाकडी, हिला सासुरवास झालाय." फळ्यांच्या फटीत अडकलेली घाण जुन्या स्क्रूड्रायव्हरनं कोरून काढायचा. मग पाणी, मग ऊन. ऊन हा त्याचा फार मोठा विषय. मालक घाई करू लागला की तो बंगल्याच्या पायरीवर मांडी घालून बसायचा आणि म्हणायचा, "ऊन खाऊ द्या." डेक सुकल्याशिवाय तो तेलाचा डबा उघडत नसे. तेल लावलं की थोड्या वेळानं फडक्यानं पुसून काढायचा, कारण लाकडाला पेलेल तेवढंच आत जातं, उरलेलं वर राहून गोंद होतं. आणि ती तेलकट फडकी कुंपणावर एकेक करून पापडांसारखी पसरायचा. बोळा करून ठेवली तर आपोआप पेटतात म्हणे. मला हे पटलं नव्हतं, म्हणून मी दुकानामागे एक बोळा ठेवून बघितला. त्या दिवशी आमच्या शेजारच्या शिंप्यानं जी उडी मारली, ती कोणी मोजली असती तर त्याला ऑलिंपिकला पाठवलं असतं. पण ते असो.

असा हा माणूस, ज्यानं आयुष्यभर लोकांना थांबायला लावलं, एकदाच घाईत सापडला. ते स्वतःच्या लेकीच्या साखरपुड्याला.

मुलगा सातपूरच्या एका कारखान्यात कामाला. मुलाचे वडील नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले, राहायला नाशिक रोडला, बोलायला मोजके, कपडे पांढरेशुभ्र. मुलगी पाहिली, पसंत पडली. मुलीलाही मुलगा पसंत होता. तिनं तसं आईला सांगितलं नाही, थेट बापाला सांगितलं. "मला हेच घर हवंय, अप्पा," एवढंच. हे सांगताना कॉन्ट्रॅक्टरचा आवाज माझ्या दुकानात पहिल्यांदा बारीक झाला.

अडलं एका ठिकाणी. मुलाचे वडील म्हणाले, "सगळं ठीक आहे. पण तुम्ही नक्की करता काय? आमच्या नातेवाइकांत कोणी म्हणतंय, लाकडं धुता."

दुसरा कोणी असता तर त्यानं समजावून सांगितलं असतं. याची छाती फुगली. "सांगून नाय कळायचं. बघायलाच या. साखरपुडा डेकवरच करू, पाण्याच्या काठाला. बसा, बघा, मग बोला."

"चालेल," ते म्हणाले. "बघू, आणि मग लग्नाची तारीख बोलू."

म्हणजे डेक चांगला निघाला तर लग्न, नाहीतर काय ते तुम्हीच समजा. एखाद्या पोरीचं लग्न लाकडाच्या फळ्यांवर लटकल्याचं उदाहरण मला तरी दुसरं ठाऊक नाही.

डेक मिळाला तो एका द्राक्षबागायतदारांचा. धरणाच्या फुगवट्याच्या काठावर त्यांचा बंगला आणि त्याला हा एवढा थोरला डेक, वर्षानुवर्षं काळा पडलेला. त्यांना सगळे दादा म्हणत. दादा म्हणाले, "कर साफ आणि कर तुझं कार्य. माझ्याकडून पोरीला हाच आहेर."

कॉन्ट्रॅक्टर तुटून पडला. घासला, धुतला, उन्हात वाळवला. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे. मग तेल आलं. जानेवारीतली थंडी, नाशिकची, म्हणजे सकाळी नळाला पाण्याऐवजी शिव्या येतात तसली. अशा थंडीत तेल लवकर सुकत नाही हे मला माहीत होतं आणि त्याला माझ्याहून जास्त माहीत होतं. तरी तो पुन्हा डबा न्यायला आला. मग पुन्हा आला.

"अहो कॉन्ट्रॅक्टर, पुसून काढताय ना?" मी विचारलं.

"पुसायचं काय शेठ? लेकीचं कार्य हाय. हात आखडायचा व्हय? पिऊ दे की पोटभर."

आता तुम्हीच बघा. आपल्याकडे पंगतीत व्याह्याला आग्रह करतात, तो नको नको म्हणतो, तरी पानात जिलबी पडतेच. त्या फळ्याही नको नको म्हणत असतील. हा वाढत गेला. पहिलं तेल सुकलं नाही तोवर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं.

साखरपुड्याच्या आदल्या दुपारी त्याचा निरोप आला. मी स्कूटर काढून गेलो. डेक दुरून बघितला तर आरशासारखा. मी कौतुकानं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि पुढे गेलो तो अनवाणी. चपला मागेच उभ्या होत्या. दादांचा कुत्रा म्हणे सकाळी तिथं बसला होता आणि उठला तेव्हा शेपटीचे निम्मे केस डेकनं ठेवून घेतले. माझ्यासमोर एक साळुंकी उतरली. तिनं एक पाय उचलला, तो ठेवून दुसरा उचलला, पुन्हा पहिला, आणि जी उडाली ती बहुधा अजून उडतेच आहे.

कॉन्ट्रॅक्टर कडेच्या दगडावर बसला होता. बडबड बंद. ती बंद झालेली मी कधी पाहिली नव्हती.

"लय पाजलं शेठ," तो म्हणाला.

आम्ही टर्पेंटाइननं पुसून बघितलं. फडक्याचे धागे चिकटून फळीला मिशा आल्या. सतरंज्या अंथरायच्या म्हटलं तर मंडपवाला हात जोडून म्हणाला, "साहेब, एकदा अंथरल्या की त्या तुमच्याच." ऊन कलत आलं होतं. कॉन्ट्रॅक्टर उठला. "उद्या सकाळी नाशिक रोडला जातो. त्यांच्या पाया पडतो. सांगतो, आमचं नाय जमत." मग म्हणाला, "पोरीला कसं सांगू तेवढं सांगा."

"सकाळी स्कूटर घेऊन येतो," मी म्हणालो.

सकाळी मी त्याला स्कूटरवर मागे बसवलं. नाशिक रोडला निघालो, पण वाटेत तो म्हणाला, एकदा हात लावून बघू, थंडीत का होईना, रातोरात सुकलं असेल. म्हणून आधी धरणाकडे वळलो.

बंगल्याच्या फाटकातून आत शिरलो आणि त्यानं माझ्या खांद्याला धरलं. सबंध डेक हिरवा होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ओलाकच्च, बोटांच्या गोल गोल नक्षीसकट. मधोमध पदर खोचून त्याची थोरली बहीण उभी होती, कोपरापर्यंत शेणानं भरलेली. तिला सगळे अक्का म्हणत. मळ्यातून पहाटेच निघून दोन सुनांना आणि बादलीभर शेण घेऊन ती कार्याच्या जागी आली होती. सगळा डेक सारवून झाला होता.

"अक्का," तो म्हणाला.

"बघतो काय? रांगोळी राह्यलीय अजून. आन काय रे, कार्य उद्यावर आलं तरी जागा सारवायची शुद्ध नाय तुला? पाय ठेवला तर चिकटतंय सगळं. माणसं बसणार कुठं?"

"अक्का, लाकूड हाय ते."

"मंग? जमीन नाय का ती? शेणाबिगर कार्य करतोस?"

"कार्य आज हाय अक्का, उद्या नाय."

"तेच म्हनते मी. मंग सारवायला नको?"

कॉन्ट्रॅक्टर मटकन खाली बसला. खाली म्हणजे सारवणातच. तेल कमी होतं म्हणून वर शेण, आता नाशिक रोडच्या माणसाला काय तोंड दाखवायचं. मी त्याला उठवायला गेलो नाही, कारण मलाही बसावंसं वाटत होतं. अक्का मात्र आमच्याकडे पाठ करून सुनांना रांगोळीचे ठिपके मोजायला लावत होती.

मग ऊन आलं. धरणावरचं धुकं उठलं आणि फळ्यांवर ऊन पसरलं. आम्ही कोणी काही केलं नाही, सुचतच नव्हतं. हळूहळू सारवण वाळलं, तडकलं, कडा वर उचलल्या. कॉन्ट्रॅक्टरनं हाताला चाळा म्हणून एक खपली उचलली. खालची फळी बघितली. मग दुसरी उचलली. मग त्यानं तळहात फळीवर ठेवला आणि उचलला.

हात सहज सुटला.

"शेठ," तो म्हणाला, "या इकडं."

मी हात ठेवला. फळी कोरडी, गुळगुळीत, आणि आत असा रंग की मधाची बाटली उन्हात धरावी. वर राहिलेलं सगळं जास्तीचं तेल शेणानं आणि त्यातल्या काडीकचऱ्यानं ओढून घेतलं होतं. लाकडाला पेललं तेवढं लाकडात, न पेललेलं शेणात. ही युक्ती जगात कोणाला सुचली नसती, कारण ती सुचण्यासारखी नव्हतीच. ती फक्त अक्काच्या हातून घडण्यासारखी होती.

मग जी धावपळ झाली ती काय सांगू. खपल्या झाडायला काथ्याचे ब्रश कमी पडले, तेव्हा दादांनी स्वयंपाकघरातून नारळाच्या शेंड्या आणून दिल्या. दादा स्वतः धोतर वर करून गुडघ्यावर आले. अक्काला आधी राग आला की तिचं सारवण काढतात. "तुझंच पुण्य वर आणतोय," म्हटल्यावर तीही घासू लागली. "रेषेनं घासा, रेषेनं," कॉन्ट्रॅक्टर ओरडत होता. त्याची बडबड परत आली होती. वरून पाणी, मग पुन्हा ऊन. दुपार कलेपर्यंत डेक असा निघाला की धरणातले मासे वर येऊन बघून गेले. एका कोपऱ्यात थोडी हिरवट छटा उरली. तिथं मंडपवाल्याकडून केळीचा खांब उभा करून घेतला.

मुलाकडची मंडळी आली. वडील नेहमीप्रमाणे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. खुर्ची पुढे केली तर म्हणाले, "खुर्ची कशाला? बघायला बोलावलंय ना? खालीच बसतो." आणि मांडी घालून थेट फळ्यांवर बसले. कॉन्ट्रॅक्टरनं श्वास आत घेतला तो विधी संपेपर्यंत सोडला नाही. भटजींनी काय म्हटलं, अंगठ्या कधी झाल्या, मला काही आठवत नाही. आमचं सगळं लक्ष त्या पांढऱ्या पायजम्यावर होतं.

मध्येच त्यांनी नाक वर करून वास घेतला. "सारवलंय का इथं?"

आमच्यापैकी कोणी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "मंग काय, बिनसारवलं कार्य करायचं व्हय?"

ते पहिल्यांदा हसले. "आमच्या आईनंतर हा वास आज आला. बंगल्यावर कार्य असून रीत सोडली नाही तुम्ही." मग कॉन्ट्रॅक्टरकडे वळून म्हणाले, "आणि तुमचं काम दाखवणार होतात ते?"

"त्याच्यावरच बसलाय तुम्ही," तो म्हणाला.

त्यांनी खाली पाहिलं. हातानं फळी चाचपली. बराच वेळ फळीच्या रेषेवरून बोट फिरवत राहिले. मग उठले. आणि मंडळी, त्या क्षणी मुलीकडची झाडून सगळी माणसं, दादा, अक्का, दोन्ही सुना, मी, भटजीसुद्धा, व्याह्यांच्या पाठीमागे जाऊन वाकलो. सभ्य समाजात असं दृश्य पुन्हा दिसणार नाही. पायजमा पांढराच होता. एक ठिपका नाही, एक धागा नाही. अक्कानं तर समाधानानं हात जोडले. व्याही वळून बघतात तो आम्ही सगळे वाकलेले. त्यांना वाटलं, आम्ही पाया पडतोय.

"अहो, उठा उठा," ते म्हणाले. "तारीख तुम्हीच काढा. एप्रिल नको, ऊन फार असतं."

मांडवात बसलेल्या मुलीनं फक्त एकदा बापाकडे पाहिलं. बाप केळीच्या खांबामागे जाऊन नाक शिंकरत होता.

त्यानंतर त्याचं काम तुफान चाललं. दोन हजारच्या पुढे द्राक्षबागांत आणि रिसॉर्टांत डेकच डेक झाले आणि सगळीकडे त्यालाच बोलावणं. तेल झालं की तो मालकांना म्हणायचा, "आता तुम्ही शहरात जाऊन जेवून या. शेवटचा हात आमचा घरचा असतो, तो दाखवत नाय." मालकांची गाडी फाटकाबाहेर पडली की मागच्या दारानं बादली घेऊन अक्का आत यायची. मुंबईतले कितीतरी मोठे लोक शेणानं सारवलेल्या फळ्यांवर अनवाणी फिरून विदेशी तेलाची तारीफ करत, हे मला ठाऊक आहे. आजवर मी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

आता तो नाही. आजारपण फार झालं नाही, लेकीच्या घरीच नाशिक रोडला गेला, तिच्या दोन मुलांना गोष्ट सांगता सांगता. कोणती गोष्ट, ते मी विचारलं नाही, पण डेक नक्की फार लांब झाला असणार. माझ्या दुकानात आता परदेशी डबे आहेत, त्यावर बारीक अक्षरांत सूचना असतात. कोणी वाचत नाही. पुसून काढा म्हणून मी सांगतो, तर गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं की जणू मीच शेण विकतोय.

पण त्याचा विषय निघाला की मला दिसते ती साखरपुड्याची संध्याकाळ. पाहुणे गेलेले, मंडपवाला खांब सोडवतोय, फळ्यांवर अक्षता आणि चुरगळलेला झेंडू. कॉन्ट्रॅक्टर त्या सगळ्या पसाऱ्यात मधोमध चालत गेला आणि नव्या कोऱ्या सफारीत तसाच डेकवर उताणा झोपला, हातपाय पसरून.

"अरे, कपडे," अक्का म्हणाली.

"व्याह्याचे नाय भरले," तो डोळे मिटून म्हणाला, "माझे काय भरतील."

मी चपला काढल्या आणि त्याच्या शेजारी आडवा झालो. फळ्या दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होत्या.